धान्याची खोली

मी हिवरसावंगीला पोचले तेव्हा मोठीआईचं सगळं उरकून माणसं नदीवरून परत आली होती, आणि अनसाला पोलिसांनी नेलं होतं. दोन्ही गोष्टी मला एसटीतून उतरल्या उतरल्या कळल्या, पानटपरीवर बसलेल्या एका माणसाकडून. मला फक्त "मोठीआई गेली, लगेच ये" एवढाच निरोप मिळाला होता.

"तुमच्या भावजयीला नेलं की दुपारीच," तो म्हणाला. "गावात असलं कधी झालं नव्हतं बघा."

तात्या माझे सख्खे चुलते, वडलांचे थोरले भाऊ. मोठीआई म्हणजे त्यांची बायको. माझ्या शाळेच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या तिच्या हाताखाली गेल्या. तोंडाची फटकळ, पण मला बघितलं की चुलीवरचं सोडून उठायची. त्यांचा एकुलता मुलगा दिगंबर, आमचा दिगू, माझ्याहून थोडा लहान. आणि अनसा त्याची बायको. तिला मूल झालं नव्हतं, त्यावरून घरात टोमणे चालायचे. पण ती कामाला वाघीण होती आणि दिगूचा तिच्यावर जीव होता. निदान तेव्हापर्यंत मी तसंच समजत होते.

घरासमोर माणसं बसली होती. तात्या भिंतीला टेकून, डोळे मिटून. दिगूचं डोकं नुकतंच भादरलेलं. मी त्याच्याजवळ गेले, पाठीवर हात ठेवला. तो हमसून हमसून रडला, पण वर बघितलं नाही.

"काय झालं रे?"

"काय सांगू ताई. जेवण हिनंच वाढलं व्हतं," तो म्हणाला आणि परत गुडघ्यात डोकं घातलं.

बाकीचं मला शेजारच्या गयाबाईनं सांगितलं. आदल्या दुपारी सासू-सुनेचं जोराचं भांडण झालं होतं. कणगीतली मागच्या वर्षीची ज्वारी सोंड्यांनी पार पोखरली होती, आणि तिथून किडे शेजारच्या नव्या गव्हाच्या पोत्यांत शिरले होते. ज्वारी वेळेवर ऊन द्यायला काढली नाही म्हणून मोठीआई अनसाला अख्ख्या गल्लीसमोर बोल बोल बोलली. वांझेच्या हाताला धान्य पण टिकत नाही, इथपर्यंत. अनसा काही बोलली नाही. मग मोठीआई रुसून बाहेर निघून गेली आणि दिवेलागणीला परत आली ती थेट धान्याच्या खोलीत जाऊन बसली. उन्हाळ्याचे दिवस, घरातले सगळे उघड्यावर झोपायचे. तात्या अंगणात, दिगू आणि अनसा माळवदावर. मोठीआईचं अंथरूण एरवी तात्यांच्या पलीकडं असायचं. त्या दिवशी ती बाहेर आलीच नाही.

"अनसानं ताट आतच नेऊन दिलं," गयाबाई म्हणाली. "पिठलं, भाकरी, लसणाची चटणी. बाकी समदे बाहेर जेवले, म्हातारी एकटी आत. मंग आतून कडी घातली. सकाळी दार उघडंना. दिगूनं धडका देऊन कडी तोडली. आत जाऊन त्यानं आधी खिडकी उघडली अन् मंग मायकडं पळाला. समदीकडं उलट्या झालेल्या बाई. अंग थंडगार पडलेलं. तात्या जीप आणाया पळाले."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"तालुक्याला चिरफाड केली ना. धान्यात घालत्यात त्या औषधाचं विष हाय म्हणले. आता सांगा, ते काय आपोआप पोटात जातंय?"

फौजदारानं घरात विचारलं होतं, औषध कुणी आणलं होतं का. तात्या म्हणाले, मला ठाऊक नाही. दिगू म्हणाला, मला ठाऊक नाही. अनसा काहीच म्हणाली नाही. ती गप्प राहिली, हाच मोठा पुरावा ठरला.

"एक शब्द नाही बोलली," गयाबाई म्हणाली. "खोटं असतं तर बोललं नसतं का माणूस?"

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तात्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "मंदे, दिव्यात तेल हाय का बघ."

मोठीआई जिथं गेली त्या जागी, धान्याच्या खोलीत, पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता आणि वर टोपलं झाकलं होतं. मी तेल घेऊन आत गेले. खोली लांबट, एकच खिडकी. एका बाजूला शेणानं लिंपलेली कणगी, दुसऱ्या बाजूला गव्हाची पोती. कुणीतरी मधली जागा झाडून घेतली होती आणि कचरा कोपऱ्यात लोटला होता. मी टोपलं उचललं, तेल घातलं, वात सारली. दिव्याच्या उजेडात त्या कोपऱ्यातला ढीग नीट दिसला. तो कचरा नव्हता. सगळे सोंडे होते.

मी कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवत होते. साठवणीच्या धान्यातले किडे हाच माझा विषय. त्यामुळं सोंडे बघून मला एरवी काहीच वाटलं नसतं. हा किडा तांदळाच्या दाण्याहून लहान, काळपट, पुढं हत्तीसारखी बारीक सोंड. मादी त्या सोंडेनं दाण्याला भोक पाडते, आत एकच अंडं घालते आणि वरून लाळेसारखं काहीतरी लावून भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच खाते, आतच कोष करते. बाहेरून दाणा चांगला दिसतो. एक दिवस सोंडा तो फोडून बाहेर येतो आणि दाण्याचं नुसतं टरफल उरतं.

आणि हा किडा मोठा ढोंगी. जरा धक्का लागला की पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखा पडून राहतो. विद्यार्थ्यांना मी मुठीतून टेबलावर टाकून दाखवायचे. सगळे म्हणायचे, मेले. थोड्या वेळानं एकेक उठून चालायला लागायचा. म्हणून मला आधी वाटलं, झाडूनं लोटल्यामुळं पडून राहिलेत. मी ओंजळभर उचलले आणि अंगणात, मावळत्या उन्हाची तिरीप येत होती तिथं, दगडावर पसरले. ऊन लागलं की सोंडा कधी थांबत नाही, सावलीकडं पळतो.

मी बघत राहिले. ऊन दगडावरून सरकून भिंतीवर गेलं. एकही हलला नाही.

मी परत आत गेले आणि या वेळी खोली नीट पाहिली. भिंतीवर चढलेले सोंडे जिथल्या तिथं चुन्याला चिकटून मेले होते. देवळीत मेलेले, दाराच्या फळीत मेलेले, खिडकीच्या चौकटीत मेलेले. पोत्यांच्या मागं दोन झुरळं उताणी पडली होती. कॅलेंडराच्या खाली पाल मरून पडली होती, मुंग्या तिच्याभोवती नुकत्याच यायला लागल्या होत्या. कणगीचं झाकण काढून मी हात खोल ज्वारीत घातला आणि नाकाशी धरला. लसूण कुजल्यासारखा, कार्बाइडसारखा वास. तो वास मी झोपेतही ओळखला असता.

धान्यात ज्या गोळ्या फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ठेवतात, हवेतला ओलावा लागला की त्यांची भुकटी होते आणि त्यातून वायू निघतो. किडा मरतो तो त्या वायूनं. बंद गोदामात, सगळं ताडपत्रीनं झाकून, माणसांना लांब ठेवून करायचं हे काम. राहत्या घरात त्या कधीच वापरायच्या नसतात. कणगी म्हणजे शेवटी विणलेलं टोपलंच. शेणानं कितीही लिंपली तरी वायू अडत नाही. आणि खिडकी बंद, दाराला आतून कडी.

मोठीआईच्या ताटात काही नव्हतं. ताटात घातलेल्या विषानं खिडकीतला सोंडा आणि कॅलेंडराखालची पाल मरत नाही.

मला तेव्हा काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला आनंद झाला. मोठीआईचा दिवा तिथं जळत होता आणि मला हायसं वाटलं, कारण या घरात कुणी कुणाला मारलेलं नव्हतं. झाला होता तो अपघात होता. हे सांगितलं की तात्यांच्या मनावरचं ओझं उतरेल, दिगूची बायको घरी येईल, असं मला वाटलं. मी जवळजवळ धावतच दिगूला शोधायला गेले.

तो मागं गोठ्यापाशी एकटाच उभा होता.

"दिगू, ऐक माझं. अनसानं काही केलेलं नाही. मोठीआईला कुणीच मारलं नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगितलं. सोंडे, पाल, कणगीतला वास.  मी थांबले तेव्हा त्यानं विचारलं,

"तू हे कुणाला बोललीस?"

मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. खिडकी आधी उघडली आणि मग मायकडं पळाला, हे गयाबाईचं बोलणं मला त्या क्षणी कळलं.

"गोळ्या तू ठेवल्यास?"

तो गव्हाणीच्या कडेवर बसला. "रोज कटकट चालली व्हती ताई. आईचं ऐकायचं का हिचं ऐकायचं. म्हणलं किडाच मारून टाकू, म्हणजे भांडण मिटंल. दुपारीच तालुक्याला गेलो अन् घेऊन आलो. दिवस मावळायच्या आत ठिवल्या. जरा जास्तच ठिवल्या. मागं एकानं थोड्या ठिवल्या व्हत्या, त्याचे किडे पुन्हा निघाले व्हते."

"दुकानदारानं काही सांगितलं नाही?"

"सांगितलं. घरात कुणी झोपू नका म्हणला. आम्ही कोण आत झोपतो? समदे बाहेरच असतो ना."

"मोठीआई आत होती, दिगू. तिला सांगितलं नाहीस?"

"ती कुणाशी बोलत नव्हती," तो म्हणाला. "रुसली व्हती."

"आणि गोळ्यांच्या पुरचुंड्या कुठायत? कणगीत नाहीत."

"काढल्या सकाळी. उकिरड्यात पुरल्या."

म्हणजे आई समोर पडलेली असताना, तात्या जीप आणायला पळालेले असताना, यानं कणगीत हात घालून पुरचुंड्या शोधून काढल्या होत्या. मला ते डोळ्यांपुढं आणवेना.

"अनसाला माहीत आहे हे?"

"तिला काय माहीत," तो म्हणाला. "ती सैपाकात व्हती."

"दिगू, चल माझ्याबरोबर. आत्ता. फौजदाराला सांगू. अपघात आहे हा, तुला कुणी फाशी देत नाही."

"फाशीचं नाही ताई." त्याचा आवाज फाटला. "माझ्या हातानं माझी माय मेली. हे मी माझ्या तोंडानं चारचौघांत कसं सांगू? उद्या तिच्या दहाव्याला पिंडाला कोणत्या हातानं शिवू?"

मला त्याची दया आली. खोटं सांगत नाही, आजही त्या वाक्याची येते. पण लगेच मला अनसाचा चेहरा आठवला.

"आणि तिनं काय करायचं?"

उत्तर मागून आलं. तात्या गोठ्याच्या दारात उभे होते. किती वेळ, ते कळलं नाही.

"मंदे, घरातली एक गेली. पोराला घालवू नको. अनसासाठी वकील बघू आपण चांगला. तिनं केलंच नाही तर पुरावा काय मिळणार हाय? सुटंल ती वर्ष-सहा महिन्यांत."

"तात्या, तुम्हाला माहीत होतं?"

"बाप हाय मी त्याचा. मला सांगावं लागत नाही."

"ती आत आहे तात्या. तिच्या माहेरच्यांनी गावात कसं राहायचं?"

"तिला तिचं माहेर हाय. मला हा एकच हाय." मग त्यांनी हात जोडले. माझ्या वडलांहून मोठा माणूस, माझ्यापुढं हात जोडून उभा. "तुझ्या मोठीआईची शपथ हाय तुला."

मी काही कबूल केलं नाही. सकाळी उठले, आगपेटीत सोंडे भरले आणि निघाले. "सुतकात कुठं चालली?" गयाबाईनं विचारलं. तात्या अंगणातच होते. त्यांनी तोंड फिरवलं.

तालुक्याचे फौजदार गव्हाणे वयानं पोक्त आणि कंटाळलेले होते. त्यांनी आगपेटी उघडून पाहिली आणि माझ्याकडं सरकवली.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. किड्यांची साक्ष मी कोर्टात कशी उभी करू?"

"साहेब, सोंडे पिठलं खात नाहीत."

"म्हणजे?"

"विष ताटात होतं असं तुम्ही म्हणता. मग त्या खोलीतला प्रत्येक किडा, झुरळं, पाल, हे कशानं मेलं? म्हाताऱ्या बाईला जे मिळालं तेच त्यांना मिळालं. ते हवेत होतं. तुम्ही एकदा येऊन बघा, एवढंच म्हणते."

ते थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. "औषध ठेवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"ते घरात विचारा," मी म्हणाले. दिगूनं स्वतः सांगावं अशी माझी इच्छा होती. त्याच्यासाठीच.

गाडी घरासमोर थांबली तेव्हा अर्धं गाव गोळा झालं. गव्हाणे आत आले, मी भिंतीवरचे सोंडे दाखवले, पाल दाखवली. तेवढ्यात तात्या पुढं झाले. त्यांच्या हातात ज्वारीचं सूप होतं.

"साहेब, पोरगी हुशार हाय, पण दुःखानं तिचं डोकं ठिकाणावर नाही. हे बघा, कणगीतलीच ज्वारी हाय. औषध घातलं असतं तर हे जिते कसे?"

सुपात ज्वारीवरून सोंडे फिरत होते. फार नाही, पण जिवंत, चांगले चालणारे. गव्हाण्यांनी माझ्याकडं बघितलं. दारात जमलेल्या बायकांत कुजबुज झाली.

"साहेब, सूप उजेडात आणा," मी म्हणाले.

अंगणात मी एक जिवंत सोंडा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि शेजारी आगपेटीतला एक मेलेला.

"रंग बघा."

"हा तांबूस आहे. हा काळा."

"सोंडा दाण्यातून बाहेर येतो तेव्हा असा तांबूस असतो. मग हळूहळू काळा पडत जातो. वायू सोडला तेव्हा हे दाण्याच्या आत, कोषात होते. अंडी आणि कोष या औषधाला सगळ्यांत कमी दाद देतात, त्यांचा श्वास फार मंद असतो. म्हणून थोड्या वेळात काढलेल्या औषधातून ते वाचतात आणि मागाहून निघतात. आता या सुपात मला एक तरी काळा सोंडा जिवंत दाखवा."

गव्हाण्यांनी चष्मा लावला. सूप हलवून हलवून पाहिलं, हवालदाराला पाहायला लावलं. ज्वारीतून तांबूस तेवढे चालत होते. काळे होते ते सगळे जागच्या जागी.

"थोड्या वेळात काढलेल्या औषधातून," ते स्वतःशीच म्हणाले आणि मान वर केली. "म्हणजे कुणीतरी ते काढलं." मग ते दिगूकडं वळले. "दार तूच तोडलंस ना? आत पहिला तूच गेलास?"

 दिगूनं तात्यांकडं बघितलं, तात्यांनी जमिनीकडं. मग तो उठला, सगळ्या गावासमोरून चालत उकिरड्यापाशी गेला आणि हातानं उकरायला लागला. फडक्याच्या पुरचुंड्या निघाल्या; आत राखेसारखी करडी भुकटी. त्या त्यानं फौजदारांच्या पायाशी ठेवल्या. तोंडातून शब्द काढला नाही तो नाहीच.

त्याच्यावर हयगयीचा गुन्हा लागला आणि लगेच जामीनही झाला. अनसाला सोडायला मात्र कागद इकडून तिकडं फिरायला वेळ लागला. तिला न्यायला घरून कुणी आलं नाही. मीच गेले.

ती बाहेर आली ती त्याच साडीत, ज्यात तिला नेलं होतं. माझ्या पाया पडायला वाकली. मी उचलून धरली. माझी अपेक्षा होती ती रडेल. ती रडली नाही.

"चल, घरी जाऊ," मी म्हणाले.

"मला स्टँडवर सोडा ताई. सेलूकडची गाडी असंल. भावाकडं जाते."

आम्ही स्टँडवरच्या बाकावर बसलो. मी तिच्यासाठी चहा आणला. तिनं बशीत ओतला, पण नुसती धरून बसली.

"गोळ्या उकिरड्यात सापडल्या म्हणं."

"हो."

"त्यायनी सांगितलं का कुठं हायत ते?"

"बोलला नाही. उठून उकरून काढल्या."

"बोलले नाहीत," ती म्हणाली आणि मान हलवली, जणू तिला जे पक्कं करून घ्यायचं होतं ते झालं होतं. मग म्हणाली, "कणगीचं झाकण मीच धरलं व्हतं ताई. फडक्यात बांधून एक एक पुरचुंडी मी हातात दिली."

 "पण दिगू म्हणाला, तू स्वयंपाकात होतीस."

"सैपाक नंतर केला." तिनं बशी खाली ठेवली. "आत्याबाई रुसून आत गेल्या तवा मी म्हणलं, त्यायला सांगून येते, हितं बसू नका, औषध ठिवलंय. तर हे म्हणले, तू जाऊ नको, तुला बघितलं की अजून भडकंल. मी सांगतो. ताट मी दारातूनच आत सरकवलं, त्यायनी माझ्याकडं बघितलंबी नाही; म्हणलं, हे सांगतीलच. मंग माळवदावर गेल्यावर मी इचारलं, सांगितलं का? व्हय म्हणले. म्हणले, येईल ती बाहेर आपोआप. अन् झोपले."

स्टँडवर गाड्या लागत होत्या, कंडक्टर ओरडत होते. मी तिचा हात धरला.

"अनसा, मग तू फौजदाराला का नाही सांगितलंस? पहिल्याच दिवशी? तुला कुणी नेलंच नसतं."

"सांगितलं असतं तर त्यायनी नाही म्हणलं असतं. समद्यांसमोर, माझ्या तोंडाकडं बघून." ती सावकाश बोलत होती. "अन् ते मला बघावं लागलं असतं. त्याच्यापरीस म्हणलं, गप बसावं. माय मेलीय, डोकं फिरलंय, उद्या येतील, सांगतील. आत बसून मी रोज दाराकडं बघायचे. तुमचा राग नाही ताई. तुम्ही नसता तर मी सडले असते. पण तुम्ही आलात अन् मला समजलं, आता ते काही येत नाहीत."

"पोलीस तुला नेत होते तेव्हा तरी त्यानं काही..."

"गाडीत बसवत व्हते तवा पळत घरात गेले," ती म्हणाली. "मला वाटलं, आता आणतात त्या पुरचुंड्या अन् टाकतात समद्यांपुढं. तर माझ्या चपला घेऊन आले. ऊन लई व्हतं ना. पाय भाजतील म्हणून खाली वाकून माझ्या पायात घातल्या. अन् मागं सरले."

सेलूची गाडी लागली. ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि गर्दीत शिरली. खिडकीजवळची जागा मिळाली तिला, पण तिनं बाहेर बघितलं नाही.

याला आता वीस-बावीस वर्षं झाली. खटल्यात दिगूला दंड झाला आणि तो सुटला. अनसा परत गेली नाही, त्यानंही बोलावलं नाही. पुढं त्यानं दुसरं लग्न केलं. मला आमंत्रण नव्हतं. तात्या गेले तेव्हाही मला कुणी कळवलं नाही. भावाचं घर मोडणारी म्हणून माझं नाव त्या घरात कुणी घेत नाही.

मागच्या वर्षी कॉलेजच्या कामानं मला त्या बाजूला जावं लागलं. हिवरसावंगीच्या फाट्यावर चहाला थांबले, तर तिथं चार माणसं बसली होती. मला ओळखणारं त्यांत कुणी नसावं असं वाटलं. बोलता बोलता गोष्ट निघाली आणि एकानं ती मला सांगितली: इथं एका सुनेनं सासूला पिठल्यातून औषध घातलं होतं, आणि शिकलेल्या एका नात्यातल्या बाईनं फौजदाराला कसले तरी किडे दाखवून तिला सोडवलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

बाकड्याच्या टोकाला पिकल्या मिशांचा एक माणूस चहा पीत बसला होता. मी त्याला आधी ओळखलं नाही. त्यानं मला ओळखलं असावं, कारण त्याचा कप अर्ध्यावरच थांबला. मी त्याच्याकडं बघत राहिले. तो आता तरी काही बोलेल म्हणून.

दिगूनं चहा संपवला, कप खाली ठेवला आणि उठून गेला.